विमानवाल्या बाई

बाईंच्या घरात 'ओके' म्हणायला बंदी होती. खोली बघायला गेलो त्याच दिवशी मला हे कळलं. डहाणूजवळ नरपडला समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीत चिकूच्या वाडीला लागून त्यांचं घर, मागे एक खोली भाड्याने द्यायची होती. बाई म्हणाल्या, "पाणी सकाळी येतं. मोटर तू लावायचीस, टाकी भरली की बंद करायची."

मी म्हणालो, "ओके."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि मी त्यांच्या ओटीवर थुंकलोय, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

"ओके म्हणजे? ऐकलं, की समजलं, की करतो?"

"म्हणजे... ठीक आहे, बाई."

"ठीक आहे म्हणजे काय? मी काय सांगितलं ते मला परत सांग."

मी तलासरीचा. मोर्च्यात वाढलेला. पोलीस इन्स्पेक्टरने दरडावून विचारलं तरी मी उलट बोलायचो. पण तिथे उभा राहून शाळेतल्या पोरासारखं म्हणालो, "मोटर मी लावायची. टाकी भरली की बंद करायची."

"बरोबर. आता खोली बघ."

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी कारण सांगितलं. स्पेनच्या एका बेटावरचा छोटा विमानतळ. दाट धुकं. धावपट्टीवर दोन अजस्र विमानं, एकमेकांना दिसत नाहीत. टॉवरमधला माणूस 'ओके' म्हणाला, पुढचं वाक्य वायरलेसच्या खरखरीत बुडालं, आणि एक विमान तोवर सुटलं होतं. दुसरं अजून पट्टीवरच होतं. शेकडो माणसं गेली. "दोन्ही विमानं जमिनीवर होती, बरं का," बाई म्हणाल्या. "आकाशात गेलीच नाहीत. एका शब्दावर मेली. तेव्हापासून जगभरचे पायलट सूचना परत म्हणून दाखवतात. आणि तू मला मोटरीबद्दल ओके म्हणतोस."

बाई निवृत्त शिक्षिका होत्या. डहाणूच्या एका शाळेत सारी हयात त्यांनी भूगोल शिकवला, आणि तो विमान अपघातांतून शिकवला. इतर वर्गांत पोरं जगाच्या नकाशात नद्या भरायची, बाईंच्या वर्गात कुठे काय पडलं ते भरायची. आल्प्स, अँडीज, अटलांटिक, सगळं त्यांनी असंच पाठ करून घेतलं. गावातले पन्नाशीचे बाप्येसुद्धा अजून सांगतात, "आम्हाला अझोर्स बेटं कुठं हायत ते म्हाईत हाय, पण का म्हाईत हाय ते नको विचारू."

डहाणूत फुगे बनवायचे कारखाने आहेत, त्याचा बाईंनी पुरेपूर फायदा घेतला. वर्गात फुग्यांचं पाकीट यायचं. एका पोराने फुगा फुगवायचा, हवा सोडायची, परत फुगवायचा. फुग्यावर एक चौकोनी चिकटपट्टी लावलेली असायची. केव्हातरी फुगा फुटायचा, आणि तो पट्टीच्या कोपऱ्यापाशी फुटायचा. मग बाई सांगायच्या, की प्रवासी नेणारं पहिलं जेट विमान जगभर मिरवलं, आपल्या कलकत्त्यालाही आलं, आणि मग एकामागून एक आकाशातच फाटू लागलं. कुणाला कळेना का. शेवटी शास्त्रज्ञांनी अख्खं विमान पाण्याच्या टाकीत बुडवलं, त्यात पाणी दाबून भरलं, सोडलं, परत भरलं, हजारो उड्डाणांचा ताण तिथेच दिला. ते खिडकीच्या कोपऱ्यापाशी फाटलं. "म्हणून आज विमानाच्या खिडकीला कोपरा नसतो," बाई सांगायच्या. "त्या गोलाईची किंमत समुद्रात पडलेल्या माणसांनी दिली."

भाचीने त्यांना एकदा मस्कतला नेलं होतं. आयुष्यातला एकमेव विमानप्रवास. भाची सांगत होती, विमान सुटायच्या आधी हवाईसुंदरी हातवारे करून सूचना देत होती आणि नेहमीप्रमाणे कुणाचंच लक्ष नव्हतं. बाई मात्र सीटवरून अर्धवट उठून तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या. शेवटी ती पोरगी फक्त बाईंकडे बघून बोलायला लागली. मग बाईंनी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं, चारही बाजूंनी, आणि हात जोडले. शेजारच्या माणसाला वाटलं, म्हातारी घाबरली.

विमानांचं हे वेड कुठून आलं, हे मी विचारलं होतं. पोस्टमनला त्यांनी सांगितलं होतं, की लग्न ठरलेला मुलगा विमान अपघातात गेला. भाचीला सांगितलं, की लहानपणी रद्दीत एक इंग्रजी मासिक मिळालं त्यात सगळं होतं. मला म्हणाल्या, "जगात हा एकच धंदा असा आहे की जिथे मेलेल्या माणसाचं शेवटपर्यंत ऐकून घेतात. समुद्राच्या तळाशी जाऊन विमानातलं आवाज टिपणारं खोकं काढतात आणि त्याचे शेवटचे शब्द शंभर वेळा ऐकतात. तुझ्या-माझ्यासाठी कोण एवढं करतं?" तिन्हीपैकी खरं कोणतं, मला माहीत नाही. तिन्ही खोटी असली तरी तिसरं बरोबर आहे.

एकदा त्या माझ्याबरोबर तलासरीच्या बाजाराला निघाल्या. आमच्याकडची जीप म्हणजे तुम्हाला माहीत असेल तर असेल. आत कोंबलेले, मागे लोंबकळणारे, टपावर दोन कोंबड्यांच्या टोपल्या आणि एक नवरदेव. बाई आत बसल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "निघायच्या आधी मला दोन मिनिटं दे." मग वळून सगळ्यांना म्हणाल्या, "हा दरवाजा आतून उघडत नाही, मी बघितलंय. मागचा उघडतो. काही झालं तर मागे बसलेल्यांनी आधी उतरायचं, मग लहान पोरं, सामान कुणीही घ्यायचं नाही."

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, जीप हाय, विमान नाय."

"म्हणून तर जास्त भीती वाटते. विमानाला कुणीतरी तपासलेलं असतं."

गाडीभर हशा झाला. पण उधव्याच्या फाट्यावर एक म्हातारी उतरताना ड्रायव्हरला म्हणाली, "दार नीट कर आधी, बाई खरा बोलतात." पुढच्या बाजाराला दाराला नवी कडी होती. आमच्या संघटनेने ह्याच जीपवाल्यांविरुद्ध दोनदा निवेदन दिलं होतं. काही झालं नव्हतं. मला राग आला होता, कडी लागल्याचा नाही, निवेदनं कुणी वाचली नाहीत ह्याचा.

राग हा माझा धंदाच होता. आहे. मी पत्रकं लिहितो. वाढवण बंदराविरुद्धच्या आंदोलनात घसा बसेपर्यंत ओरडलोय. बाई माझी पत्रकं लाल पेनाने तपासायच्या. 'धिक्कार असो' असं मी लिहिलं की समासात लिहायच्या, 'मग उद्या सकाळी काय करायचं?' 'नराधम' ह्या शब्दाला गोल करून लिहायच्या, 'हा माणूस उद्या बदली होऊन गेला तर?' मी भांडायचो. "बाई, आमच्या पाड्यांवरून दुबईची, लंडनची विमानं जातात आणि खाली बाळंतिणीला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. दोषी कोण हे विचारायचं नाही?"

"हे वाक्य छान आहे. हे पत्रकात घे," त्या म्हणाल्या. "पण झोळी का लागते ते पुढच्या ओळीत लिही. दोषी सापडला की लोक घरी जातात. कारण सापडलं की कामाला लागतात."

मला हे पटायचं नाही. अजून पूर्ण पटत नाही. पण अहमदाबादला लंडनचं विमान पडलं त्या दिवशी मी त्यांच्या ओटीवर होतो. शेजारच्या घरात टीव्ही मोठ्याने चालू होता आणि संध्याकाळच्या आत तिथे कोण चुकलं ह्याचा निकाल लागायला लागला होता. बाई उठल्या, शेजारी गेल्या, न विचारता टीव्ही बंद केला. "अजून माणसं सापडायची आहेत," त्या म्हणाल्या, "आणि ह्यांना गुन्हेगार सापडलासुद्धा." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

वरून विमान गेलं की मात्र त्या आनंदी व्हायच्या. मुंबईहून उत्तरेला जाणारी बरीच विमानं आमच्या किनाऱ्यावरून जातात. बाई हातातलं काम टाकून अंगणात यायच्या. त्यांचा एक आवडता दावा होता. एका हिंदुस्थानी कंपनीने विमानाने टपाल न्यायला पहिल्यांदा सुरुवात केली, तेव्हा एका इंजिनाचं ते छोटं विमान लंडनची पत्रं घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला गेलं. म्हणजे नरपडवरूनच गेलं असणार! 'असणार' हा शब्द दुसऱ्या कुणी वापरला की बाई उलटतपासणी घ्यायच्या, पण ह्या एका ठिकाणी त्या तो स्वतः बिनदिक्कत वापरायच्या. "त्या वैमानिकाने खाली बघितलं असणार," म्हणायच्या, "आणि आपली खाडी, आपल्या होड्या, सगळं त्याला एकदम दिसलं असणार. आपल्याला आपलं गाव असं कधी दिसलंय का?"

गेल्या हिवाळ्यात बाई वारल्या. अपघात नाही. झोपेत. आता त्यांच्याबद्दल ज्याला विचारावं तो एकच गोष्ट सांगतो, ती होडीची. मीही तीच सांगणार आहे, कारण तिथे मी होतो, आणि गावात ती जरा वेगळी सांगतात.

हे अहमदाबादच्या आधीचं. दुपारची ओहोटी लागायच्या वेळी एक होडी खाडीतून बाहेर पडली आणि खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यावर उलटली. तिघे होते. तांडेल जितू, म्हणजे होडी चालवणारा, पंचविशीच्या आतला पोरगा. एक म्हातारा खलाशी. आणि जितूचा चुलतभाऊ हरेश. दोघे पोहून आले. हरेश दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागला. त्याची बायको कल्पना तिथेच उभी होती.

तेराव्यानंतर गावात एकच बोलणं. जितूने भाऊ बुडवला. काल मिसरूड फुटलेलं पोरगं, त्याला सुकाणू दिलं कुणी? पंचांचे अध्यक्ष नाना म्हणाले, रविवारी बैठक घेऊ, जितूला पुन्हा समुद्रावर पाठवायचं नाही असा ठराव करू. आमच्या किनाऱ्यावर असा ठराव म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. त्या पोराला कुणी खलाशी म्हणूनसुद्धा घेणार नव्हतं. ज्याला दुसरं काहीच येत नाही त्याला समुद्राकडे पाठ करून उभं करायचं. जितू घरातून बाहेर पडत नव्हता. त्याची आई बाईंकडे येऊन रडली, "बाई, पोरगा जेवत नाय. काय बोलत पण नाय."

माझं पत्रक तयार होतं. वाळूच्या पट्ट्यावर खुणेचा बोया होता, तो वाहून गेला होता. गावाने तालुक्याच्या ऑफिसात अर्ज केले होते. कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. ह्याला मी खून म्हणतो आणि तसंच लिहिलं होतं. बाईंनी ते वाचलं. ह्यावेळी लाल पेन काढलं नाही. म्हणाल्या, "बोया नव्हता हे खरं. पण त्या दिवशी त्याच पट्ट्यावरून बाकीच्या होड्या गेल्या. त्या का नाही उलटल्या?"

आणि त्या काठी घेऊन नानांकडे गेल्या. मीही मागोमाग.

"बैठक घे," त्या म्हणाल्या. "पण आधी मला चौकशी करू दे."

नाना त्यांचा जुना विद्यार्थी. तरी म्हणाले, "बाई, तुमचा मान हाय. पण होडी बुडाली, विमान नाय पडला."

"माणसं दोन्हीकडे मरतात, नाना. फरक एवढाच की तिकडे का मेली ते शोधतात आणि सगळ्या जगाला सांगतात, म्हणजे दुसरीकडे कुणी तसं मरू नये. आपण एकाला गावाबाहेर काढतो आणि जेवायला जातो."

रविवारी मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये सगळं गाव जमलं. बायका एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या. बाई मधे प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्यांनी नियम सांगितले. चूक, दोष, पाप हे शब्द इथे कुणी बोलायचे नाहीत. प्रत्येकाने आपण काय पाहिलं आणि काय केलं एवढंच सांगायचं. आणि इथे बोललेलं उद्या नळावर टोमणा म्हणून निघणार नाही. "नाना, परत सांग."

नाना चिडले. पण गाव बघत होतं. त्यांनी तिन्ही नियम परत म्हणून दाखवले. मागून कुणीतरी हसलं. बाई म्हणाल्या, "हसणाऱ्यानेही परत सांगावं." त्यालाही सांगावं लागलं.

मी म्हणालो, "आणि ऑफिस?"

"बोलावलंय. पत्र तूच दिलंस. आलंय का कुणी?"

कुणी आलं नव्हतं.

"मग लिही. ऑफिसातून कुणी आलं नाही. पुढे."

जितू कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून बसला होता. बाईंनी त्याला बुडण्याबद्दल विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "बर्फ कुठे ठेवला होतास?"

त्याने मान वर केली. "वर. फळीवर."

"नेहमी कुठे ठेवतोस?"

"खाली खणात. खणाची फळी मोडली होती, पाणी येत होता."

"कधीपासून?"

"आठ-दहा दिस झाले."

"कुणाकुणाला माहीत होतं?"

जितूने शेडभर नजर फिरवली. सगळ्यांनाच माहीत होतं. सुतार वाढवणला कामावर गेला होता, आला की करायचं होतं.

"बर्फ बांधला होता?"

"नाय."

म्हातारा खलाशी न विचारता बोलला. "मी बघितला होता. बांधला नाय तो. एकाच अंगाला होता सगळा. लाट आली, पट्ट्यावर घासली होडी, आणि बर्फ सरकला तो सगळा एका बाजूला."

"मग तू बोलला नाहीस?"

"तांडेल तो हाय, बाई. होडीवर तांडेलाला सांगायचा नसतो. आमच्या वयात सांगितला तर बोलतात, म्हातारा घाबरला." मग जितूकडे बघत म्हणाला, "मला वाटला, त्याला म्हाईत असंल."

बाईंनी तेव्हा त्या धुक्यातल्या बेटाची गोष्ट परत सांगितली, पण दुसऱ्या बाजूने. जे विमान सुटलं त्यात पायलटांच्या मागेच एक इंजिनिअर बसला होता. त्याला शंका आली. त्याने विचारलंही, की समोरचं विमान बाजूला झालंय ना? कॅप्टन मोठा माणूस, कंपनीचा नावाजलेला. तो म्हणाला, झालंय. इंजिनिअर गप्प बसला. "ती माणसं शिकलेली होती," बाई म्हणाल्या. "तुझ्याहून लाजाळू नव्हती. तरी गप्प बसली. ही तुझ्या एकट्याची गोष्ट नाही, बाबा."

आणि मग बायकांच्या बाजूने आवाज आला. कल्पना उभी राहिली होती. तिच्या सासूने तिचा पदर ओढला, ती बसली नाही.

"मला दिसली होती," ती म्हणाली. "होडी. डावीकडे कलली होती. मी बघितली. मला वाटला हाक मारावी, बोलावा का कायतरी बरोबर नाय. पण नारळ दिला होता. निघाली होती होडी."

पुढचं तिने सांगायची गरज नव्हती. घरातून निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, हे कुठल्याही मराठी घरात शिकवतात. आमच्या किनाऱ्यावर तर नारळ देऊन निघालेल्या होडीला हाक मारणं म्हणजे आपल्याच माणसाचं वाईट चिंतणं. होडी निघाली की काठावरच्या बायका मुक्या होतात. वळून घरीसुद्धा जात नाहीत, ती दिसेनाशी होईपर्यंत गप्प उभ्या राहतात.

"तेव्हापासून," कल्पना म्हणाली, "ती हाक माझ्या तोंडात तशीच हाय. जेवताना पण असते."

एक म्हातारी फणकारली, "मग मारली का नाय—" बाईंची काठी फरशीवर आपटली. "नियम!"

आणि मग जे झालं त्यासाठी मी हे लिहितोय. बायकांतली दुसरी एक उठली. म्हणाली, "मला पण दिसली होती कललेली." मग तिसरी. मग जाळं विणणारा एक बाप्या, "मी बोललो बायकोला, जास्त बर्फ घेतलाय वाटतं." एकेक करत अर्धी शेड. सगळ्या काठाने ते बघितलं होतं. सगळा काठ आपापल्या जागी गप्प होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या एकट्यालाच दिसलं.

बाईंनी नानांकडे पाहिलं.

नाना पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिले. "होतो मी तिथं," ते शेवटी म्हणाले. "दिसली मला."

जितू पहिल्यांदा मोठ्याने बोलला. "पण हाक मारली असती ना बाई, तर मी वळलो नसतो. शिवी दिली असती. खरा सांगतो. अपशकुन केला म्हणून तिलाच बोललो असतो."

"हे आज सगळ्यांत कामाचं बोललास," बाई म्हणाल्या.

ठराव झाला, पण वेगळा. होडी निघताना कुणालाही, अगदी कुणालाही, काही खटकलं तर त्याने ओरडायचं. होडी परत येईल. आणि परत आल्यावर काहीही सापडलं नाही, तरी ओरडणाऱ्याला एक अक्षर बोलायचं नाही. नाना 'होडी परत येईल' इथेच थांबणार होते. बाईंनी शेवटचं वाक्य त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. जितूवर बंदी घालायची का, हे कुणी विचारलं नाही. ती बैठक संपली तेव्हा जितूची आई त्याला भात वाढत होती, शेडमध्येच, सगळ्यांसमोर, डब्यातून.

पत्रक मी परत लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत कोरडं पत्रक. धिक्कार नाही, नराधम नाही. खण, बर्फ, दोर, बोया, अर्ज, गप्प बसणं, सगळं एकाखाली एक. बाई म्हणाल्या, "बोयाचं ठळक कर." मी केलं. ते पत्रक किनाऱ्यावरच्या शेडींमध्ये अजून चिकटवलेलं दिसतं. माझं दुसरं कुठलंच दिसत नाही. ऑफिसचा बोया अजून आलेला नाही. गावाने बांबू रोवला, त्याला लाल फडकं बांधलं. मी अर्ज करतोच आहे, आणि मला अजूनही वाटतं की कुणाला तरी तुरुंगात टाकायला हवं. बाईंना हे मान्य नव्हतं. आमचं त्यावर शेवटपर्यंत जमलं नाही.

ठराव करणं सोपं असतं. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या, रोज सुटल्या, आणि काठावरच्या बायका पूर्वीसारख्याच मुक्या उभ्या राहिल्या. एकीनेही तोंड उघडलं नाही. ठराव शेडमध्ये होता, जीभ लहानपणापासूनची होती. बाई रोज काठावर येऊन उभ्या राहायच्या. मला वाटलं, चौकशी फुकट गेली.

मग एका सकाळी जितूची होडी निघाली. नवी फळी, बर्फ खणात, दोर घट्ट. नारळ दिला. होडी खाडीत थोडी पुढे गेली, आणि बायकांच्या रांगेतून कल्पना एकदम पाण्यात शिरली.

"जितूऽ! ए जितूऽऽ! परत ये! परत फिरव!"

तिची सासू मटकन खाली बसली. बाईंनी माझं मनगट धरलं, आणि म्हातारीच्या हातात एवढा जोर असतो हे मला तेव्हा कळलं. इंजिनाचा आवाज तसाच जात राहिला. मग तो बदलला. होडी वळली.

परत आली. सगळे धावले. खण बघितला, फळी बघितली, बर्फ, दोर, इंजिन, सुकाणू. दोघे पाण्यात उतरून तळ चाचपून आले. काही नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं.

कल्पना ओल्या लुगड्यात उभी होती. "मला कललेली वाटली," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की शेजारच्यालाच ऐकू आला असेल. खलाशी एकमेकांकडे बघत होते. भरती ओसरत चालली होती, वेळ जात होता, नारळ वाया गेला होता. मागे कुणीतरी तोंडातल्या तोंडात काही म्हणायला सुरुवात केली. आता एक शब्द निघाला असता तर ह्या काठावर पुन्हा कधी कुणी हाक मारली नसती, हे बाईंना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मला वाटतं नानांनाही माहीत होतं, कारण त्यांनी त्या पुटपुटणाऱ्याचा दंड धरला.

जितू होडीतून उतरला. कमरेएवढ्या पाण्यातून चालत तिच्यापर्यंत आला.

"बरा केलास, वहिनी," तो म्हणाला. "परत तसा वाटला, तर परत मार."

आणि वळून गेला. होडी दुसऱ्यांदा निघाली. बायका उभ्याच होत्या, पण ह्यावेळी त्या आपसांत बोलत होत्या, कुणी बोट दाखवत होती, कुणी टाचा उंचावून बघत होती. कल्पना गुडघाभर पाण्यात होती. होडी बांबूच्या लाल फडक्यापलीकडे जाईपर्यंत तिने हाक मारायला तोंडाजवळ धरलेले हात खाली घेतले नाहीत.